संचकार दिला, पण जमीन कोणाची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्या घरोघरी ऐकू येते. म्हण खोटी नव्हे. खटल्यापायी आधी बैल, मग दागिने आणि शेवटी राहते घर विकावे लागलेली कुटुंबे आपल्या सर्वांच्याच पाहण्यात आहेत. तथापि याच म्हणीचा आधार घेऊन काही सज्जन माणसे आपला न्याय्य हक्क मुकाट्याने घालवून बसतात, हेही आम्ही पाहिले आहे. अशाच एका गृहस्थाची हकीगत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. नावे सांगण्याचे कारण नाही. बेळगाव जिल्ह्यातील कोणत्याही गावी घडावी अशी ती गोष्ट आहे.

२०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एके सकाळी मिस्सा आटोपून आम्ही परतलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक पन्नाशीचे शेतकरी पत्नीसह व्हरांड्यात वाट पाहत बसलेले दिसले. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक स्टँपकागद त्यांनी आमच्यापुढे उलगडला. मे २०२१ मध्ये केलेले ते संचकारपत्र होते. शेजाऱ्याच्या शेतापैकी दीड एकर, म्हणजे ६० गुंठे जमीन १८ लाख रुपयांस ठरली होती. पैकी ३ लाख संचकार म्हणून बँकेमार्फत दिले होते. उरलेले १५ लाख देऊन ३१ मार्च २०२२ पर्यंत खरेदीखत करून घ्यावयाचे, असा करार होता. खाली दोघांच्या सह्या होत्या व दोन साक्षीदारांच्याही होत्या.

"मग खरेदीखत झाले का?" आम्ही विचारले.

"नाही ना, फादर. मार्च आला तेव्हा ते म्हणाले, पावसाळा होऊन जाऊ दे. पावसाळा गेला आणि रस्त्याची मोजणी आली. आता भाव दुप्पट झालाय. म्हणतात, तुमचे तीन लाख व्याजासकट घेऊन जा."

"आणि तुम्ही काय उत्तर दिलेत?"

गृहस्थ खाली पाहू लागले. उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. "काय देणार, फादर? ते आमच्या धाकट्याचे धर्मपिता. दर रविवारी एकाच बाकावर बसायचं. भिडेपायी ह्यांनी एकदासुद्धा तोंड उघडलं नाही."

आम्ही बोटांवर महिने मोजले आणि मनात चरकलो. का चरकलो, ते पुढे सांगू. आम्ही वकील नव्हे. परंतु पुढच्याच आठवड्यात त्या उभयतांस घेऊन आम्ही बेळगावच्या एका जाणत्या वकिलांकडे गेलो. तेथे जे ऐकले व नंतर जे वाचून पाहिले, ते प्रत्येक शेतकरी कुटुंबास ठाऊक असावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

संचकारपत्र म्हणजे मालकी नव्हे

आपल्याकडे ज्यास संचकारपत्र म्हणतात, त्यास महाराष्ट्रात साठेखत म्हणतात. हा कागद हाती आला की जमीन आपली झाली, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, विक्रीच्या नुसत्या कराराने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी देणारा कागद एकच, आणि तो म्हणजे सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदविलेले खरेदीखत. मुखत्यारपत्र आणि करार यांच्या जोरावर "विकत घेतलेल्या" जमिनीस विक्री म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प या प्रकरणात निक्षून सांगितले आहे.

मग संचकारपत्राने मिळते तरी काय? मिळतो तो मागण्याचा हक्क. "तुम्ही शब्द दिला आहे, माझे उरलेले पैसे घ्या आणि खरेदीखत करून द्या," असे विकणाऱ्यास सांगण्याचा हक्क. त्याने न ऐकल्यास दिवाणी न्यायालयापुढे जाऊन तेच मागता येते. या दाव्यास कराराच्या पूर्तीचा दावा म्हणतात. वकील मंडळी त्याला 'स्पेसिफिक परफॉर्मन्स' म्हणतात.

कोणी विचारील की, करार मोडला तर नुकसानभरपाई घ्यावी, जमिनीचाच हट्ट कशाला? धान्याचा किंवा गुरांचा व्यवहार मोडला, तर पैसे घेऊन बाजारातून तसाच माल आणता येतो. जमिनीचे तसे नाही. आमच्या या गृहस्थांची विहीर त्या ६० गुंठ्यांच्या बांधाला लागून आहे. तसा तुकडा अन्य कोठल्या बाजारात मिळणार? कायद्यानेही हे फार पूर्वीपासून ओळखले आहे. १८७७ सालच्या कायद्यात व त्याच्या जागी १ मार्च १९६४ पासून अमलात आलेल्या १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात, जमिनीच्या कराराचा भंग पैशाने पुरेसा भरून निघत नाही, असेच गृहीत धरलेले होते. तरीही पूर्वी हा हुकूम देणे न देणे बऱ्याच अंशी न्यायाधीशांच्या विवेकावर असे. २०१८ साली कायदा बदलला, आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून, कायद्यात सांगितलेले अपवाद सोडल्यास, न्यायालयाने कराराची पूर्ती करून द्यावी असा नियम झाला. केवळ भाव वाढला म्हणून दिलेला शब्द मोडण्याची मुभा विकणाऱ्यास कायदा देत नाही.

हे ऐकून आमच्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी आली. परंतु वकीलसाहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, "तुमची पासबुके कोठे आहेत?"

पैसे होते, हे दाखवा

या प्रश्नातच अशा दाव्याचे मर्म आहे. कायद्याचे कलम १६ म्हणते की, जमीन मागणाऱ्याने आपल्या वाट्याचा करार पाळला होता, किंवा तो पाळण्यास आपण सदैव समर्थ व राजी होतो, हे सिद्ध केले पाहिजे. समर्थ म्हणजे पैसा उभा करण्याची ऐपत असलेला. राजी म्हणजे मनापासून व्यवहार पुरा करू इच्छिणारा आणि आपल्या वागण्यातून तसे दाखविणारा. एक असून भागत नाही, दोन्ही लागतात. शिवाय ही तयारी एका दिवसापुरती नव्हे, तर कराराच्या दिवसापासून अखंड असावी लागते. न्यायालयाने सांगितल्यावाचून रोकड आणून भरावी लागत नाही, ही एक सवलत कायद्यात आहे. पण पैसा कोठून आणणार होतो, हे कागदाने दाखविता आले पाहिजे.

आमच्या गृहस्थांपाशी मार्च २०२२ मध्ये सोसायटीत ९ लाखांची ठेव होती, आणि आखातात नोकरीस असलेले मेहुणे ६ लाख देणार होते. तेथवर सर्व ठीक. परंतु जानेवारी २०२३ मध्ये थोरल्या मुलीचे लग्न झाले आणि ठेव मोडली गेली. त्यानंतर पंधरा लाख उभे करण्याची ऐपत कशात होती? मेहुण्यांनी लिहून असे काहीच दिले नव्हते. विकणाऱ्यास पाठविलेले एकही पत्र नव्हते. ठरलेल्या दिवशी पैसे घेऊन कचेरीत गेल्याची खूण नव्हती. नुसती तोंडी आश्वासने होती, आणि तीही रविवारच्या बाकावर दिलेली.

"तुम्ही खरे बोलता, यावर माझा विश्वास आहे," वकीलसाहेब म्हणाले. "पण कोर्टात माझा विश्वास उपयोगाचा नाही."

तीन वर्षांची मुदत

आता आम्ही चरकलो होतो ते का, ते सांगतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे असा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. करारात तारीख ठरलेली असेल, तर तीन वर्षे त्या तारखेपासून मोजतात. तारीख ठरलेली नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्या दिवसापासून. येथे तारीख होती ३१ मार्च २०२२. म्हणजे ३१ मार्च २०२५ नंतर दार बंद! नोव्हेंबर २०२४ मध्ये ते आमच्याकडे आले तेव्हा जेमतेम पाच महिने उरले होते. आणखी एक पावसाळा भिडेत गेला असता, तर सारा प्रश्न कायमचा मिटला असता.

बरे, मुदतीच्या आत असले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. स्थावराच्या व्यवहारात ठरलेली तारीख सामान्यतः प्राणभूत मानीत नाहीत. तरी व्यवहार वाजवी काळात पुरा व्हावा, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने चांद राणी प्रकरणात १९९२ साली म्हटले आहे. त्यानंतर १९९७ साली निकाल लागलेले मदुराई शहरातील एका घराचे प्रकरण विचार करण्याजोगे आहे. डिसेंबर १९७८ मध्ये ते घर ६०,००० रुपयांस ठरले, ५,००० आगाऊ दिले गेले, आणि मुदत सहा महिन्यांची होती. घेणारा सुमारे अडीच वर्षे गप्प बसला, आणि दरम्यान शहरातील भाव कितीतरी वाढले. त्याचा दावा तीन वर्षांच्या आतच होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्यास घर दिले नाही. थोडी रक्कम अडकवून ठेवायची, भाव वाढेपर्यंत स्वस्थ बसायचे आणि मग जुन्या किमतीत माल मागायचा, हे न्याय्य कसे म्हणावे? विकणाऱ्याच्या बाजूनेही एक न्याय असतो, हे आपण विसरू नये.

आमच्या गृहस्थांच्या मनात असे कपट मुळीच नव्हते. पण लबाडाचे मौन आणि भिडस्ताचे मौन कोर्टाच्या कागदावर सारखेच दिसते.

बहिणींचा हिस्सा

वकीलसाहेबांनी पहाणी उतारा मागविला, तेव्हा आणखी एक गोष्ट उघडकीस आली. शेत एकूण तीन एकर. विकणाऱ्याचे वडील मृत्युपत्र न करता वारले होते, आई त्यांच्या आधीच गेली होती. मागे एक मुलगा व दोन मुली. संचकारपत्रावर सही एकट्या मुलाची.

आपल्या पुष्कळ कुटुंबांत अजून समजूत आहे की, लग्न होऊन गेलेल्या मुलीचा जमिनीत वाटा नाही. हे कायद्यास धरून नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसता, ख्रिस्ती माणसाच्या मुलगे व मुली यांना सारखाच वाटा मिळतो. विधवा असल्यास तिला एक तृतीयांश जाऊन उरलेले सर्व मुलांत समान वाटले जाते. म्हणजे येथे भावाचा हिस्सा एक एकर, ४० गुंठे. आणि त्याने विकावयास काढले ६० गुंठे! जे आपले नाही ते विकण्यास न्यायालय कोणास भाग पाडू शकत नाही. फार तर त्याच्या स्वतःच्या हिश्श्यापुरता करार अमलात आणता येतो. गोव्यात तर याहून एक पाऊल पुढे आहे. तेथील दिवाणी कायद्याप्रमाणे पती किंवा पत्नी दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर विकू शकत नाही. तेव्हा तेथे दोघांच्याही सह्या हव्यात.

दावा आणि हुकूमनामा

डिसेंबरात वकिलाची नोटीस गेली. उत्तर नकाराचे आले. जानेवारी २०२५ मध्ये दावा दाखल झाला. अशा दाव्याची कोर्ट-फी कर्नाटकात करारातील किमतीवर मोजतात, त्यामुळे ती हलकी नसते. दाव्यात खरेदीखताबरोबर ताबा मागितला, हिस्सा वेगळा करून मागितला, आणि जमीन न मिळाल्यास संचकार परत मिळावा अशीही मागणी घातली. ही शेवटची मागणी अनेक जण विसरतात. ती स्पष्ट केलेली नसेल, तर न्यायालय ती देत नाही. जमीन परस्पर दुसऱ्यास विकली जाऊ नये, यासाठी मनाई हुकूमही मागितला. हे आवश्यक असते. कराराची माहिती नसताना पूर्ण किंमत देऊन प्रामाणिकपणे जमीन घेणाऱ्या तिऱ्हाइतास कायदा संरक्षण देतो. संचकारपत्र नोंदविलेले असते, तर "मला माहीत नव्हते" असे कोणास सहसा म्हणता आले नसते. दावा चालू असताना घेणारा निकालाने बांधला जातो, मात्र महाराष्ट्रात व गुजरातेत त्यासाठी दाव्याची नोटीसही नोंदवावी लागते.

वादीच्या बाजूने निकाल लागला, तर हुकूमनाम्यात पैसे भरण्याची मुदत घातलेली असते. त्या मुदतीत पैसे न भरल्यास विकणारा करारच रद्द करून मागू शकतो, म्हणून जिंकल्यावरही झोपून चालत नाही. आणि हरलेला विकणारा सही करण्यास आलाच नाही तर? तर दरखास्त द्यावी लागते, आणि न्यायालय खरेदीखताचा मसुदा कायम करून त्याच्या वतीने स्वतः सही करून देते. माणसाचा हात अडला, तरी न्यायाचा हात अडत नाही.

हे सर्व व्हावयास किती काळ? समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत, फार तर आणखी सहा महिने वाढवून, असा दावा निकालात काढावा असे २०१८ च्या दुरुस्तीत लिहिले आहे. कायद्यात लिहिणे सोपे असते. त्यापुढे अपिले असतातच.

शेवट

यास्तव दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलास तडजोडीचा सल्ला दिला. एकापाशी अखंड तयारीचा पुरावा लंगडा होता. दुसऱ्याने शब्द मोडला होता, आणि तोही आपल्या मालकीपलीकडचा. त्या वर्षाच्या उत्तरार्धात प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवण्यात आले. दोन्ही बहिणी आल्या, एक गोव्याहून आणि एक पुण्याहून. भावाने आपल्याला न विचारता व्यवहार केल्याचे दुःख त्यांनी सर्वांदेखत बोलून दाखविले, आणि मग संमतीची सही केली. विहिरीलगतचे २४ गुंठे, भावाच्या हिश्श्यातून, आमच्या गृहस्थांस देण्याचे ठरले. करारातला भाव गुंठ्यास ३०,००० पडत होता, आजचा ६०,००० होता. मान्य झाला ४०,०००. एकूण ९ लाख ६० हजारांतून दिलेले ३ लाख वजा करून उरलेले ६ लाख ६० हजार त्यांनी भरले. तुकड्याचा ११-ई नकाशा झाला आणि खरेदीखत नोंदले गेले. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते, आणि भरलेली कोर्ट-फी परत मिळते.

साठ गुंठ्यांच्या जागी चोवीस मिळाले. हा विजय म्हणावा की पराभव, हे आम्ही ठरवीत नाही. एवढे मात्र नक्की की, एप्रिल २०२२ मध्ये पाठविलेल्या एका नोटिशीने पुष्कळ काही वाचले असते. दोघे गृहस्थ अजून दर रविवारी त्याच बाकावर बसतात. मध्ये एका माणसाची जागा रिकामी असते.

वाचकहो, यिर्मया प्रवाद्याने आपल्या चुलतभावाचे अनाथोथचे शेत घेतले, ती कथा आपणांस ठाऊक आहे. नगराला शत्रूचा वेढा पडलेला असताना, आणि व्यवहार घरच्या माणसाशी असतानाही, त्याने सतरा शेकेल रुपे साक्षीदारांसमक्ष तोलून दिले, खरेदीखत लिहिले, त्यावर मोहोर केली आणि ते मातीच्या भांड्यात जपून ठेवविले. चुलतभावाशी चोख कागद करणे यात त्याला अविश्वास वाटला नाही. आपल्यालाही वाटू नये.

तेव्हा जमीन घेताना आधी उतारा पाहावा व त्यावरील प्रत्येक वारसाची सही घ्यावी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यावयाची तर आपण शेतकरी आहोत की परवानगी लागेल, हे आधी विचारावे. संचकारपत्र योग्य स्टँपवर करून नोंदवावे. न नोंदविलेला करारही पूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो, पण स्टँप कमी असेल तर कर्नाटकात तुटीच्या दहापट दंड बसू शकतो. आणि ताबा घेऊन बसलेल्याचे संरक्षण २४ सप्टेंबर २००१ पासून नोंदविलेल्या करारावाचून मिळत नाही. पैसे बँकेतून द्यावेत. ठरलेली तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहावी, त्या दिवशी पैशाच्या पुराव्यासह कचेरीत हजर राहावे, आणि समोरचा न आल्यास महिन्याच्या आत लेखी कळवावे. मुदत वाढवावयाची असेल, तर तीही दोघांच्या सहीने लिहून घ्यावी. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो.

आणि जो जमीन विकतो आहे, त्यास आमचे एवढेच सांगणे: सही करण्यापूर्वी दहादा विचार करा, बहिणींना विचारा, भाव पुन्हा पाहा. सही केल्यावर मात्र भाव पाहू नका.